बौहाउस प्रदर्शन, १९२३ : भित्तिरंजन व दिशादर्शन

जर्मनीतील वायमार येथील बौहाउस या कलाविद्यालयाने १५ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर १९२३ या काळात भरविलेले आपल्या कार्याचे पहिले मोठे प्रदर्शन. विद्यार्थी व अध्यापक यांनी मिळून सिद्ध केलेल्या या प्रदर्शनात विद्यालयाच्या इमारतीच्या भिंती, जिने, प्रवेशदालने व वाटा हीच प्रदर्शनीय वस्तू मानण्यात आली. प्रदर्शनाची मांडणी, भिंतीवरील आलेखन आणि प्रेक्षकाला वाट दाखविणारी रंगाकारांची योजना ही एकाच अभिकल्पाची अंगे आहेत, ही पुढे सर्वमान्य झालेली कल्पना तेथे प्रथमच एका शिक्षणसंस्थेच्या पातळीवर प्रत्यक्षात उतरली. त्यामुळे प्रदर्शन-अभिकल्प आणि दिशादर्शक आलेखन या दोन्ही शाखांच्या इतिहासात या प्रदर्शनाला आरंभबिंदूचे स्थान दिले जाते.

पार्श्वभूमी : वॉल्टर ग्रोपिअस (१८८३–१९६९) या वास्तुविशारदाने वायमारमधील ललितकला महाविद्यालय व कलाकुसर विद्यालय यांच्या एकत्रीकरणातून एप्रिल १९१९ मध्ये बौहाउसची स्थापना केली. चित्रकार, मूर्तिकार व कारागीर यांच्यातील भेद नाहीसा करून सर्वांना वास्तुनिर्मितीच्या एका कार्यात सहभागी करून घेणे, हे या संस्थेचे घोषित उद्दिष्ट होते. विद्यार्थ्याला आरंभी प्राथमिक पाठ्यक्रम पूर्ण करावा लागे व त्यानंतर सुतारकाम, धातुकाम, विणकाम, मृत्पात्री, मुद्रण, भित्तिरंजन अशा एखाद्या कार्यशाळेत त्याला प्रवेश मिळे. प्रत्येक कार्यशाळेवर दोन निदेशक असत : एक रूपविषयक विचार शिकविणारा कलावंत आणि दुसरा हस्तव्यवसायातील जाणकार कारागीर. विद्यार्थ्यांची वर्गवारीही जुन्या श्रेणिसंघांप्रमाणे शिकाऊ उमेदवार व कारागीर अशी केलेली होती.

संस्थेचा खर्च थुरिंजिया राज्याच्या तिजोरीतून होत असे. स्थानिक कारागीर, जुन्या पठडीतील चित्रकार आणि उजव्या विचारसरणीचे राजकीय पक्ष यांचा या विद्यालयाला सुरुवातीपासून विरोध होता. तेथे परकीय व विक्षिप्त माणसांचा भरणा आहे, शिकविले जाते ते निरुपयोगी आहे आणि सार्वजनिक पैसा वाया जातो, असे आक्षेप वारंवार घेतले जात. राज्याच्या विधिमंडळाने संस्थेला अर्थसाहाय्य देताना तिने आपल्या कामाचा जाहीर हिशेब द्यावा, अशी मागणी केली. प्रदर्शनाचा जन्म या मागणीतून झाला. अनेक अध्यापकांना हे प्रदर्शन अकाली वाटत होते, कारण चार वर्षांच्या प्रयोगांतून दाखविण्याजोगे फारच थोडे पक्व झाले आहे, असे त्यांचे मत होते. तथापि संस्थेचे अस्तित्वच पणाला लागलेले असल्याने ग्रोपिअसने कार्यशाळांचे सर्व काम प्रदर्शनाच्या तयारीकडे वळविले.

काळही प्रतिकूल होता. १९२३ च्या उन्हाळ्यात जर्मन चलनाचे मूल्य दिवसागणिक कोसळत होते. प्रदर्शनाच्या सुमारास हेर्बेर्ट बायर (१९००–८५) या विद्यार्थ्याने थुरिंजियाच्या राज्य बँकेसाठी आणीबाणीच्या नोटांचे आलेखन केले. त्यांवर दहा लाख व वीस लाख मार्क असे आकडे ठळक व निरलंकार टंकांत छापलेले होते. अशा परिस्थितीत महागडे साहित्य वापरणे अशक्य होते. रंग, चुन्याचा गिलावा, अक्षरे आणि विद्यार्थ्यांचे श्रम एवढेच भांडवल हाताशी होते. भिंतीला माध्यम म्हणून जे महत्त्व लाभले, त्यामागे तात्त्विक भूमिकेबरोबर ही व्यावहारिक निकडही असली पाहिजे.

प्रदर्शनाची व्याप्ती : प्रदर्शन एका दालनापुरते नव्हते; ते गावभर विखुरलेले होते. बेल्जियन वास्तुविशारद आंरी व्हान द व्हेल्ड (१८६३–१९५७) याने १९०४ ते १९११ या काळात उभारलेल्या मुख्य इमारतीत प्राथमिक पाठ्यक्रमातील अभ्यास, कार्यशाळांतील वस्तू आणि ग्रोपिअसने संकलित केलेले आंतरराष्ट्रीय वास्तुकलेचे प्रदर्शन मांडलेले होते. शेजारच्या कार्यशाळा-इमारतीत भित्तिचित्रे व उत्थित शिल्पे होती. स्वतंत्र चित्रे व मूर्ती राज्य संग्रहालयात ठेवलेल्या होत्या. इल्म नदीकाठच्या उद्यानापलीकडे आम होर्न या रस्त्यावर एक नमुना-घर बांधलेले होते. १५ ते १९ ऑगस्ट या ‘बौहाउस सप्ताहा’त ग्रोपिअस, कँडिन्स्की व डच वास्तुविशारद आउड यांची व्याख्याने झाली. ऑस्कर श्लेमरचे ‘त्रिविध नृत्यनाट्य’ राष्ट्रीय रंगभूमीवर सादर झाले आणि हिंडेमिट, बुसोनी, स्ट्राव्हिन्स्की प्रभृतींच्या संगीतरचना वाजविण्यात आल्या. सुमारे १५,००० लोकांनी प्रदर्शन पाहिले.

प्रेक्षकाला ही ठिकाणे सापडावीत, एका इमारतीतील अनेक मजल्यांवर तो गोंधळू नये आणि विखुरलेल्या गोष्टींमागील एकच विचार त्याला जाणवावा, ही त्यामुळे प्रदर्शनाची मूलभूत अडचण होती. ती सोडविण्यासाठी संस्थेने तीन साधने उपयोगात आणली : सर्वत्र ओळखू येणारे एक चिन्ह व एकाच घडणीची अक्षरे, प्रवेशस्थानी व जिन्यांत केलेले भित्तिरंजन, आणि वास्तूच्या रचनेशी सुसंगत अशी रंगयोजना.

चिन्ह व अक्षरे : श्लेमरने १९२२ मध्ये संस्थेसाठी मानवी मस्तकाचे एक चिन्ह तयार केले होते. काही सरळ रेघा व आयत एवढ्यांतूनच मुखाची एक बाजू त्यात सूचित केलेली आहे. योस्ट श्मिट (१८९३–१९४८) या विद्यार्थ्याने प्रदर्शनाच्या भित्तिपत्रकात हे चिन्ह गोवले. तांबड्या व काळ्या पट्ट्यांची तिरपी, एकमेकींना छेदणारी रचना आणि तिच्याच अक्षावर वळविलेली ठसठशीत अक्षरे हे या भित्तिपत्रकाचे वैशिष्ट्य होय. अक्षर हे चित्राखालचे स्पष्टीकरण न राहता चित्राच्या बांधणीचाच भाग बनले. भित्तिपत्रक छापले गेले तेव्हा प्रदर्शन जुलैत सुरू व्हावयाचे होते. उद्‌घाटन पुढे गेल्याने काही प्रतींवर नव्या तारखांच्या पट्ट्या चिकटवाव्या लागल्या.

याखेरीज अध्यापक व विद्यार्थी यांनी वीस चित्रपत्रे तयार केली. पॉल क्ले, कँडिन्स्की, फाइनिंगर यांच्या बरोबरीने बायर, कुर्ट श्मिट, डोर्ट हेल्म, फार्कास मोल्नार इ. विद्यार्थ्यांची नावे या संचात आढळतात. एका संस्थेच्या प्रसिद्धिसाहित्यात गुरुशिष्यांची कामे अशी समान दर्जाने शेजारी यावीत, ही त्या काळी असाधारण गोष्ट होती. प्रदर्शनानिमित्त प्रकाशित झालेल्या ग्रंथाचे मुखपृष्ठ बायरने, तर आतील मुद्रणरचना त्याच वर्षी संस्थेत आलेला लाझ्लो मोहॉय-नॉद्य (१८९५–१९४६) याने केली. मुखपृष्ठावर चित्र नाही. काळ्या भूमीवर तांबड्या व निळ्या अक्षरांची रांगच पृष्ठ व्यापून राहते. भित्तिपत्रक, चित्रपत्रे व ग्रंथ यांतून प्रेक्षकाची दृष्टी वायमारला पोहोचण्यापूर्वीच एका आकारभाषेला सरावत असे, आणि तीच भाषा पुढे त्याला इमारतीच्या भिंतींवर भेटत असे.

भित्तिरंजन कार्यशाळा : ही कार्यशाळा १९२२ पासून ⇨ व्हॅसिली कँडिन्स्की (१८६६–१९४४) याच्या मार्गदर्शनाखाली होती. भिंतीवर चित्र काढणे हे तिचे मुख्य काम नव्हते. रंगाने अवकाशात काय घडते, याचा अभ्यास करणे हे होते. कँडिन्स्कीच्या मते रंगाला दोन शक्ती असतात. तो दिलेल्या आकाराला अनुसरून त्याला अधिक स्पष्ट करू शकतो किंवा त्या आकाराचे रूपच पालटू शकतो. अरुंद दालन रुंद भासविणे, उंच छत खाली आणणे, दूरची भिंत जवळ ओढणे हे सर्व केवळ रंगाच्या निवडीने साधते. म्हणून रंगारी हा वास्तुविशारदाच्या मागून येणारा सजावटकार नसून अवकाशाच्या निर्मितीतील त्याचा सहकारी आहे, अशी शिकवण तेथे दिली जात असे. तिला हस्तव्यवसायाची भक्कम जोडही होती. गिलाव्याचे प्रकार, चुन्यातील व सरसातील रंग, पृष्ठभागाची पूर्वतयारी, फवारणी व साचे यांचे शिक्षण घेऊन विद्यार्थ्यांना रंगाऱ्यांच्या व्यवसायसंघाची परीक्षा द्यावी लागे. हिनर्क शेपर (१८९७–१९५७) हा येथूनच उत्तीर्ण होऊन पुढे या कार्यशाळेचा प्रमुख झाला.

या कार्यशाळेने १९२३ मध्ये संस्थेतील व्यक्तींना एक प्रश्नपत्रिका वाटली. त्रिकोण, चौरस व वर्तुळ या तीन मूलाकारांना पिवळा, तांबडा व निळा यांपैकी कोणता रंग शोभतो, असा तो प्रश्न होता. पिवळा त्रिकोण, तांबडा चौरस व निळे वर्तुळ या कँडिन्स्कीच्या जोडणीला बहुमत मिळाले. टोकदार त्रिकोणाची तीव्रता पिवळ्यात, चौरसाचे स्थैर्य तांबड्यात व वर्तुळाची शांत खोली निळ्यात आहे, असा त्यामागील विचार होता. उत्तरे देणारे लोक याच शिकवणुकीत वाढलेले असल्याने या बहुमताला शास्त्रीय प्रमाण मानता येत नाही. अलीकडील मानसशास्त्रीय प्रयोगांतही ही जोडणी सार्वत्रिक असल्याचे आढळलेले नाही. परंतु दिशादर्शनाच्या दृष्टीने तिचे महत्त्व निराळे आहे. एखादा रंग एखाद्या आकाराला स्वभावतः जुळतो की नाही, हा प्रश्न तेथे गौण ठरतो. एकदा ठरविलेली जोडी सातत्याने वापरली म्हणजे ती खूण बनते.

बायरची जिन्यातील भित्तिचित्रे : या तत्त्वाचे सर्वांत स्पष्ट उपयोजन बायरने केले. तो मूळचा ऑस्ट्रियन असून १९२१ मध्ये बौहाउसमध्ये दाखल झाला होता आणि भित्तिरंजन कार्यशाळेत शिकत होता. मुख्य इमारतीतील दुय्यम जिना त्याच्याकडे सोपविण्यात आला. हा जिना अरुंद व आडबाजूचा. व्हान द व्हेल्डच्या वळणदार मुख्य जिन्याचा डौल त्याला नव्हता. बायरने तळमजल्यावर निळी वर्तुळे, त्यावरच्या मजल्यावर तांबडे चौरस आणि सर्वांत वर पिवळे त्रिकोण अशी योजना केली. प्रत्येक मजल्याला एक आकार व एक रंग मिळाला आणि ती खूण शब्दावाचून कळणारी होती.

या योजनेत आणखी एक क्रम आहे. निळा हा तिन्हींत सर्वांत गडद व पिवळा सर्वांत उजळ. त्यामुळे जिना चढणारा मनुष्य अंधाराकडून प्रकाशाकडे जात असल्याचा अनुभव घेतो आणि रंगाच्या उजळपणावरूनही आपण किती वर आलो हे त्याला उमगते. आकार भिंतीच्या मध्यभागी चौकटीत बसविलेले नाहीत. ते एकमेकांवर येतात, लहानमोठे होतात, भिंतीच्या कडेपर्यंत पोहोचतात आणि चढणाऱ्याच्या गतीला साथ देतात. ही चित्रे थांबून पाहावयाची नसून जाता जाता पाहावयाची आहेत. चालणारा प्रेक्षक हे गृहीत धरून केलेले आलेखन, हा या कामाचा खरा नवा विशेष होय.

श्मिट व श्लेमर यांची कामे : मुख्य इमारतीच्या प्रवेशदालनात योस्ट श्मिटने गिलाव्यातील उत्थित शिल्पे बसविली. वर्तुळखंड, पट्ट्या व पायऱ्यांसारखे उतरते थर यांची ती अमूर्त रचना होती. प्रवेश करणाऱ्याला आत काय प्रकारचे विचारविश्व आहे, याची पहिली सूचना त्या शिल्पांतून मिळे. कार्यशाळा-इमारतीच्या प्रवेशदालनात व जिन्यात ⇨ ऑस्कर श्लेमर (१८८८–१९४३) याने भित्तिचित्रे व उत्थित शिल्पे यांची एक सलग मालिका केली. श्लेमरचा विषय मानवाकृती हाच होता. उभ्या, आडव्या, झेपावणाऱ्या आकृती त्याने दरवाजांच्या वर, कोनाड्यांत, छताच्या खाली अशा बसविल्या की, वास्तूचा प्रत्येक भाग मानवी देहाच्या मापाने मोजला जावा. बायरची भूमिती वाट सांगते, तर श्लेमरच्या आकृती त्या वाटेवरून चालणाऱ्या माणसाला स्वतःच्या देहाची जाणीव करून देतात. दोन शेजारच्या इमारतींत एकाच वेळी दिसलेल्या या दोन भूमिका पुढील काळातील भित्तिआलेखनातही वेगवेगळ्या प्रवाहांच्या रूपाने टिकून राहिल्या.

नमुना-घर : आम होर्न येथील घराचा आराखडा गेओर्ग मुखे (१८९५–१९८७) या चित्रकाराने केला व ते बांधण्यास आडोल्फ सोमरफेल्ट या उद्योजकाने अर्थसाहाय्य दिले. मध्यभागी वरून उजेड येणारी चौरस बैठकीची खोली आणि तिच्याभोवती लहान खोल्या, अशी त्याची रचना आहे. भिंतींची रंगयोजना आल्फ्रेट आर्न्ट व योझेफ माल्टान या विद्यार्थ्यांनी केली. मुलांच्या खोलीत आल्मा बुशर व तिच्या सहकाऱ्याने रंगीत खोकी व मुलांना लिहिता-रेखाटता येईल अशा भिंतीवरील फळ्या योजल्या. भिंत ही वापरावयाची वस्तू आहे, हा विचार येथे घरगुती पातळीवर आलेला दिसतो. या घरावर समकालीनांनी कठोर टीका केली. त्याच्या आटोपशीरपणात काहींना रुग्णालयाची किंवा यंत्रशाळेची छाया दिसली.

प्रभावांचे मूळ : या सर्व कामावर दोन बाह्य प्रभाव ठळकपणे दिसतात. डच ‘द स्टाइल’ चळवळीचा प्रवर्तक टेओ व्हान डूसबुर्ख (१८८३–१९३१) हा १९२१–२२ मध्ये वायमारमध्ये राहून खाजगी वर्ग घेत असे व बौहाउसचे अनेक विद्यार्थी त्यांस हजर राहत. मूळ रंग व काटकोनी रचना यांचा आग्रह विद्यार्थ्यांनी तेथून उचलला. दुसरा प्रभाव रशियन रचनावादाचा. एल लिसिट्‌स्की (१८९०–१९४१) याने १९२३ मध्येच बर्लिन येथील एका मोठ्या कलाप्रदर्शनात एक संपूर्ण खोली सादर केली. तिच्या भिंतींवरून व छतावरून पुढे सरकणारे आकार प्रेक्षकाला खोलीभोवती फिरवून पुन्हा बाहेर आणीत. भिंत वाचली जाते व तिच्या वाचनाला दिशा असते, ही कल्पना दोन्हीकडे एकाच वर्षी आलेली असणे लक्षणीय आहे.

प्रतिक्रिया व परिणाम : उद्‌घाटनाच्या व्याख्यानात ग्रोपिअसने ‘कला आणि तंत्रविद्या : एक नवी एकात्मता’ असे सूत्र मांडले. आरंभीच्या हस्तव्यवसायनिष्ठ भूमिकेपासून औद्योगिक अभिकल्पाकडे झालेल्या वळणाची ती घोषणा होती. संस्थेतील सर्वांनाच ती रुचली नाही. फाइनिंगरसारख्या चित्रकाराने आपली नापसंती पत्रांतून व्यक्त केली. झीगफ्रीड गीडिऑन या स्विस कलासमीक्षकाने मात्र प्रदर्शनाचे अनुकूल परीक्षण लिहिले आणि बौहाउसचे नाव जर्मनीबाहेर पोहोचले.

ज्या हेतूने प्रदर्शन भरविले गेले तो राजकीय हेतू मात्र सफल झाला नाही. फेब्रुवारी १९२४ मधील निवडणुकीत थुरिंजियात उजव्या पक्षांना बहुमत मिळाले. संस्थेचे अनुदान निम्म्यावर आणण्यात आले आणि अध्यापकांचे करार मार्च १९२५ अखेर संपुष्टात येतील, असे कळविण्यात आले. डिसेंबर १९२४ मध्ये अध्यापकांनी स्वतःच संस्था विसर्जित करीत असल्याचे जाहीर केले. १९२५ मध्ये बौहाउस डेसाऊ येथे गेले.

भित्तिचित्रांची गती अधिक दुःखद झाली. १९३० मध्ये थुरिंजियाच्या मंत्रिमंडळात राष्ट्रीय समाजवादी पक्षाचा व्हिल्हेल्म फ्रिक (१८७७–१९४६) हा गृह व शिक्षण खात्यांचा मंत्री झाला. त्याने वायमारच्या कलाविद्यालयाच्या प्रमुखपदी पाउल शुल्ट्‌स-नाउम्बुर्ख (१८६९–१९४९) या वास्तुविशारदाची नेमणूक केली. त्याच्या आदेशाने ऑक्टोबर १९३० मध्ये श्लेमरच्या आकृतींवर रंगाचे हात फिरविण्यात आले व उत्थित शिल्पे फोडून टाकण्यात आली. हिटलर सत्तेवर येण्यापूर्वी दोन वर्षांहून अधिक काळ आधी घडलेली ही घटना आधुनिक कलेच्या नाशाच्या पुढील मोहिमेची पूर्वसूचना ठरली. चौकटीतले चित्र काढून दुसरीकडे नेता येते. भिंतीवरचे काम वास्तूच्या मालकाच्या मर्जीवर जगते. भित्तिआलेखनाच्या या मूलभूत दुबळेपणाचे हे ठळक उदाहरण होय.

डेसाऊमधील पुढील विकास : ४ डिसेंबर १९२६ रोजी उद्‌घाटन झालेल्या डेसाऊच्या नव्या इमारतीत वायमारचा प्रयोग अधिक पद्धतशीर झाला. शेपरने या इमारतीसाठी रंगांचा एक दिशादर्शक आराखडा तयार केला. भार वाहणारे भाग व केवळ जागा भरणारे भाग वेगळ्या रंगांनी दाखविणे, इमारतीच्या निरनिराळ्या विभागांना निराळे रंग देणे आणि गुळगुळीत, खरबरीत, चकचकीत व मंद अशा पृष्ठभागांतून रंगाचा परिणाम बदलणे, ही त्याची सूत्रे होती. येथे आकृती किंवा आकार काढण्याचीही गरज उरली नाही. तुळई, छताची कड, जिन्याचा कठडा हेच दिशादर्शक बनले. इमारतीच्या बाहेरील भिंतीवर बायरने केलेली ‘बौहाउस’ ही उभी अक्षरपंक्ती हा नामफलकच होता, परंतु ती इमारतीच्या दर्शनी रचनेचाही अविभाज्य घटक झाली. बायरने १९२५ मध्ये केवळ लहान अक्षरांची व वर्तुळ-रेषांतून घडविलेली वर्णमाला आखली. मुद्रण व जाहिरात कार्यशाळेचा प्रमुख म्हणून तो १९२८ पर्यंत डेसाऊत होता. भित्तिरंजन कार्यशाळेने १९२९ पासून भिंतीवर चिकटविण्याच्या कागदांचे नमुने केले. बौहाउसच्या सर्व उत्पादनांत व्यापारी दृष्ट्या तेच सर्वाधिक यशस्वी ठरले.

प्रदर्शन-अभिकल्पावरील प्रभाव : वायमारच्या जिन्यात जन्मलेली चालत्या प्रेक्षकाची कल्पना बायरने पुढे शास्त्रोक्त केली. १९३० मध्ये पॅरिस येथील जर्मन विभागाच्या मांडणीत त्याने मोठी छायाचित्रे छतापासून खालपर्यंत वेगवेगळ्या कोनांत टांगली आणि प्रेक्षकाच्या डोळ्याच्या कक्षेचा एक आलेख प्रसिद्ध केला. डोळा समोर तसाच वर, खाली व बाजूंनाही पाहू शकतो. म्हणून भिंतीबरोबर छत व जमीन हीसुद्धा मांडणीची क्षेत्रे आहेत, असे त्याचे प्रतिपादन होते. नाझी राजवटीच्या पहिल्या वर्षांत बायर बर्लिनमध्ये जाहिरात-व्यवसायात राहिला व त्याने शासकीय प्रदर्शनांच्या प्रचारसाहित्याचेही काम केले. प्रेक्षकाची नजर व पावले वळविण्याचे हे कौशल्य कोणत्याही सत्तेच्या हाती साधन होऊ शकते, याची ही नोंद टाळता येत नाही. १९३८ मध्ये तो अमेरिकेत गेला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात भरलेल्या ‘बौहाउस १९१९–१९२८’ या प्रदर्शनाची मांडणी त्याने केली. तेथे जमिनीवर रेषा, आकार व पावलांचे ठसे रंगवून प्रेक्षकाचा मार्ग दाखविला होता. बाण, पाऊलखुणा व जमिनीवरील रंगीत पट्टे यांचा रुग्णालये, विमानतळ व भुयारी रेल्वेस्थानके यांत आज जो वापर होतो, त्याच्या पूर्वसूरींत या मांडणीची गणना होते.

उल्म येथे १९५३ मध्ये स्थापन झालेल्या अभिकल्प विद्यालयाने हा वारसा अधिक शास्त्रीय केला. त्याच्या संस्थापकांपैकी माक्स बिल हा बौहाउसचा विद्यार्थी होता, तर ओट्ल आयशर याने १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिक क्रीडास्पर्धांसाठी केलेली चित्रचिन्हे व रंगसंकेत दिशादर्शनाचा आदर्श मानले जातात.

भारताशी संबंध : बौहाउसच्या कलाकृती वायमारच्या प्रदर्शनाच्या आधीच भारतात आलेल्या होत्या. डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्ता येथे ‘इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्ट’ या संस्थेच्या चौदाव्या वार्षिक प्रदर्शनात क्ले, कँडिन्स्की, इटेन, फाइनिंगर प्रभृतींची चित्रे व काही विद्यार्थ्यांची कामे अवनींद्रनाथ व गगनेंद्रनाथ टागोर, नंदलाल बोस इत्यादींच्या चित्रांबरोबर मांडली गेली. कलेतिहासकार स्टेला क्रामरिश यांचा त्यात पुढाकार होता. तथापि हा परिचय चित्रांपुरता होता. कार्यशाळा-शिक्षणाची पद्धती भारतात बऱ्याच उशिरा आली. अहमदाबाद येथील राष्ट्रीय अभिकल्प संस्था (१९६१) आणि मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्र (१९६९) यांच्या शिक्षणक्रमात बौहाउस व उल्म यांचा प्राथमिक पाठ्यक्रम, आकार-रंगांचा अभ्यास व दृक्‌संज्ञापन या विषयांचा अंतर्भाव झाला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत व पुढे उल्म येथे शिकलेले सुधाकर नाडकर्णी यांनी पवईच्या केंद्राच्या उभारणीत प्रमुख वाटा उचलला. कलाशाळांच्या वार्षिक प्रदर्शनांत विद्यार्थ्यांनीच दालने रंगविणे, विभागांना रंग ठरवून देणे व फलक लिहिणे ही आज रूढ असलेली पद्धत याच परंपरेशी नाते सांगते.

मूल्यमापन : १९२३ च्या प्रदर्शनातील सर्व प्रयोग यशस्वी होते असे नाही. मूलाकार व रंग यांच्या जोडणीमागील सिद्धांत टिकला नाही, नमुना-घर त्या काळी महाग पडले आणि संस्थेला वायमारमध्ये राहू देण्याइतपत मते प्रदर्शनाला वळविता आली नाहीत. परंतु विद्यार्थ्यांच्या कामाचे प्रदर्शन म्हणजे भिंतीवर टांगलेल्या चौकटींची रांग, ही समजूत त्याने मोडली. प्रेक्षक इमारतीत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत जे पाहतो, ज्या क्रमाने पाहतो आणि ज्या खुणांवरून वाट शोधतो, ते सर्व अभिकल्पाच्या कक्षेत येते, हे त्याने दाखवून दिले. त्यासाठी मौल्यवान साहित्य लागत नाही. नेमका विचार, सातत्य व प्रेक्षकाविषयी आस्था लागते, हाही त्याचा धडा होय.

वायमारमधील दोन्ही इमारती आज बौहाउस विद्यापीठाच्या वापरात आहेत. १९९६ मध्ये वायमार व डेसाऊ येथील बौहाउसच्या वास्तूंचा जागतिक वारसास्थानांच्या यादीत समावेश झाला. श्मिटची उत्थित शिल्पे व बायरची जिन्यातील भित्तिचित्रे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा सिद्ध करण्यात आली असून, विद्यार्थ्यांच्या रोजच्या येण्याजाण्याच्या त्या दुय्यम जिन्यात निळे वर्तुळ, तांबडा चौरस व पिवळा त्रिकोण हे आपापल्या मजल्यांवर पाहावयास मिळतात.